एका तारेवरची हजेरी



गेल्या वर्षी एप्रिल महिन्यात आपल्या शाळेच्या विहिरीवरील पंप जळाला आणि आठ दिवस आपण सर्वांनी घरून पाण्याच्या बाटल्या वाहिल्या, हे तुमच्या स्मरणात असेलच. पंप का जळाला, हे मात्र थोड्यांनाच नीट ठाऊक आहे. ज्यांना आपण सारे 'काका' म्हणतो त्या आपल्या वृद्ध शिपायांचे लक्ष नव्हते, असा बोल तेव्हा त्यांना लागला. काही पालकांनीही तसेच बोलून दाखविले. तो बोल अन्यायाचा होता. चूक काकांची नव्हती. आम्ही, म्हणजे विज्ञानमंडळाच्या मुलामुलींनी आणि त्यांचा मार्गदर्शक म्हणून मी, जी यंत्रणा बसविली होती तिची होती. ही गोष्ट वार्षिकांकात लिहून ठेवावी, आणि त्या निमित्ताने अनेक यंत्रे एकाच तारेवरून परस्परांशी कशी बोलतात तेही समजावून द्यावे, असे दोन हेतू मनात धरून हा लेख लिहीत आहे.

प्रारंभीच एक कबुली दिली पाहिजे. मी कलाशाखेचा पदवीधर. घरी कोकणी बोलतो आणि वर्गात मराठी व इतिहास शिकवितो. विज्ञानमंडळ माझ्याकडे आले ते वेळापत्रकात माझा एक तास मोकळा होता एवढ्याच कारणाने. त्यामुळे या विषयातील जे काही मला आले, ते तुमच्याच बाकावर बसून, चुका करीत करीत आले आहे. ज्याला एखादी गोष्ट उशिरा कळली, तो ती कधीकधी अधिक सोपी करून सांगू शकतो, अशी माझी आशा आहे.

पाच ठाणी, एक तार

मंडळाच्या मुलांनी शाळेच्या आवारात पाच लहान ठाणी उभारली होती. पहिले विहिरीवर, पाण्याची खोली मोजण्यासाठी, दुसरे गच्चीवरील टाकीवर, तिसरे पर्जन्यमापकाजवळ, चौथे बागेत, मातीचा ओलावा पाहण्यासाठी, आणि पाचवे प्रयोगशाळेत, उष्णतामानासाठी. प्रत्येक ठाण्यात एक संवेदक, म्हणजे सेन्सर, आणि एक मायक्रोकंट्रोलर होता. मायक्रोकंट्रोलर म्हणजे एका चिपेत सामावलेला छोटासा संगणक. त्याच्यात गणन करणारा भाग असतो, स्मृती असते, आणि बाहेरच्या जगाशी व्यवहार करण्यासाठी पाय असतात. तो मोठे हिशेब करीत नाही. पण सांगितलेले एक काम रात्रंदिवस न कंटाळता करतो. ही पाचही ठाणी आपापली मापे कार्यालयातील मुख्य ठाण्याला कळवीत, आणि ती तेथील फलकावर आकड्यांत दिसत. काका सकाळी फलक पाहत. विहिरीत पुरेसे पाणी असले की पंप सुरू करीत. त्यांना तसेच सांगण्यात आले होते.

ज्या दिवशी अपघात घडला, त्याच्या आदल्या दुपारी आवाराच्या भिंतीचे काम चालू असता पहारीचा धक्का लागून विहिरीकडे जाणारी तार तुटली. ते कोणाच्या ध्यानात आले नाही. त्याच सायंकाळी बांधकामासाठी विहिरीतून पुष्कळ पाणी उपसले गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी फलकावर आकडा होता: विहीर, २१० सेंटिमीटर. वास्तविक विहिरीत वीतभरही पाणी उरलेले नव्हते. काकांनी फलक पाहिला, पंप सुरू केला आणि ते फाटक उघडण्यास गेले. पाण्याने थंड राहणारा पंप कोरडाच फिरत राहिला, जळका वास आला तेव्हा काका धावत विहिरीपाशी गेले, आत डोकावले आणि म्हणाले, "बांयंत उदकूच ना!"

फलकावरचा आकडा खोटा नव्हता. तो शिळा होता. विहिरीचे ठाणे गप्प झाले होते आणि मुख्य ठाणे त्याचे शेवटचे शब्द इमानाने घोकीत बसले होते. त्या दिवशी नववीतल्या एका विद्यार्थिनीने मला विचारले, "सर, फलकावरचा आकडा आत्ताचा की मघाचा, हे आपल्याला कुठे कळतं?" या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. ते शोधावयाचे तर तारेच्या मुळापासून सारे समजून घेणे भाग होते.

एकापाठोपाठ एक

यंत्रांचे बोलणे शून्य आणि एक या दोनच चिन्हांत चालते. अशा एका चिन्हास बिट म्हणतात. आठ बिटांचे एक अक्षर धरू. हे आठ बिट आठ वेगळ्या तारांवरून एकदमच पाठविता येतील. परंतु विहीर कार्यालयापासून दूर, आणि तारेला पैसे पडतात. म्हणून ते एकाच तारेवरून एकापाठोपाठ एक पाठवितात. अरुंद साकवावरून माणसे एका रांगेत जावीत, तसे. या पद्धतीला सीरियल, म्हणजे क्रमवार, दळणवळण म्हणतात.

रांगेत येणारे बिट ओळखावयाचे कसे? यासाठी दोन्ही बाजूंनी वेग आधीच ठरवून घ्यावा लागतो. आम्ही ठरविलेला वेग सेकंदाला ९६०० बिट हा होता. प्रत्येक अक्षराच्या आरंभी एक सूचक बिट जातो, त्याच्यामागून आठ बिट, आणि अखेरीस एक विरामाचा बिट, मिळून दहा. म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरे झाली. एकाने ९६०० चा वेग धरला आणि दुसऱ्याने ४८०० चा, तर तारेत काहीही बिघाड नसताना केवळ निरर्थक अक्षरे हाती येतात. आमच्या मुलांनी असा एक संपूर्ण शनिवार घालविला आहे.

फेरीबोटीवरील दोन मुले

मायक्रोकंट्रोलरमधून निघणारा संकेत टेबलावरच्या टेबलावर ठीक चालतो. तारेवर ५ व्होल्ट म्हणजे एक, ० व्होल्ट म्हणजे शून्य, असा साधा करार असतो. पण तीच तार मैदान ओलांडून नेली, की शेजारच्या पंपाची मोटर, नळीदिवे, आकाशातील वीज अशा साऱ्यांचे उपद्रव तिच्यात शिरतात आणि शून्याचा एक होऊन बसतो.

यावर जो उपाय आहे तो मला फार आवडतो. एका तारेऐवजी दोन तारा घ्यावयाच्या आणि दोहोंवर परस्परविरुद्ध संकेत पाठवावयाचा. एक वर गेली की दुसरी खाली. ऐकणाऱ्याने कोणत्याही एका तारेची उंची पाहावयाची नाही. दोहोंमधील फरक तेवढा पाहावयाचा. मांडवीच्या फेरीबोटीवर दोन मुले उभी आहेत अशी कल्पना करा. भरतीने बोट वर गेली, ओहोटीने खाली आली, लाटेने हेलावली. तरी त्या दोघांत उंच कोण, हे बदलत नाही. बाहेरचा उपद्रव ही लाट; ती दोन्ही तारांना सारखीच उचलते, आणि फरक जेवढ्यास तेवढाच राहतो. उपद्रव दोहोंना सारखा लागावा म्हणून त्या तारा एकमेकींना पीळ घालून नेतात. पीळ दिलेल्या तारांच्या जोडीचे पेटंट अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी टेलिफोनसाठी १८८१ सालीच घेतले होते.

या कल्पनेवर आधारलेले एक प्रमाण अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक इंडस्ट्रीज असोसिएशन या संस्थेने १९८३ साली प्रसिद्ध केले. त्याचे नाव आर.एस.-४८५. कारखान्यांत, जलशुद्धीकरण केंद्रांत आणि मोठ्या इमारतींत ते आजही सर्वत्र वापरात आहे. त्याच्या मर्यादा ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. बोलणाऱ्याने दोन तारांत निदान दीड व्होल्टाचा फरक निर्माण करावयाचा, ऐकणाऱ्याने ०.२ व्होल्ट एवढा क्षीण फरकही ओळखावयाचा. वेग बेताचा ठेवल्यास अंतर सुमारे १२०० मीटरपर्यंत चालते. एका जोडीवर प्रमाणित भाराची ३२ ठाणी बसू शकतात. कमी भाराच्या चिपा वापरल्यास त्याहूनही अधिक. आम्ही प्रत्येक ठाण्यात आठ पायांची मॅक्स-४८५ नावाची लहानशी चिप बसविली. मायक्रोकंट्रोलरच्या साध्या संकेताचे या दुतारी संकेतात रूपांतर करण्याचे काम ती करते.

मात्र फेरीबोटीचा दृष्टान्त एका मर्यादेपर्यंतच खरा. बोट धक्क्यापासून फारच वर वा खाली गेली तर उतारू चढणार कसे? त्याचप्रमाणे दोन ठाण्यांच्या शून्य पातळ्यांत फार अंतर पडले, तर चिप गोंधळते. ऐकणाऱ्याच्या शून्य पातळीच्या तुलनेत संकेततारांची पातळी उणे ७ ते अधिक १२ व्होल्टांच्या आत राहिली पाहिजे. म्हणून दोन संकेततारांच्या सोबत एक तिसरी सामाईक तारही न्यावी.

आणखी एक गोष्ट. विहिरीत ओरडले की आवाज तळावरून परत येतो. तसाच संकेत तारेच्या टोकावर आपटून मागे फिरतो व पुढून येणाऱ्या अक्षरांत मिसळतो. तो शोषून घेण्यासाठी तारेच्या दोन्ही टोकांना, आणि फक्त टोकांनाच, दोन संकेततारांमध्ये १२० ओहमचा एकेक रोध जोडतात. आमच्यासारख्या थोड्या अंतराला व मंद वेगाला त्यावाचूनही निभावते. पण चांगली सवय पहिल्यापासून लावून घ्यावी. मुख्य तारही झाडासारखी फांद्याफांद्यांनी नेऊ नये. एका ठाण्यावरून दुसऱ्यावर, तेथून तिसऱ्यावर, अशी माळेतील मण्यांसारखी न्यावी.

बोलण्याची शिस्त

तार झाली, पण पाच ठाणी आणि एक मुख्य ठाणे मिळून सहा वक्ते त्या तारेवर बसले. ते सारे एकाच वेळी बोलू लागले तर काय होईल? शिक्षक वर्गातून क्षणभर बाहेर गेल्यावर जे होते, तेच. आवाज पुष्कळ, अर्थ काही नाही. दोघांनी एकाच क्षणी तारेवर विरुद्ध संकेत टाकले म्हणजे ऐकणाऱ्याच्या हाती दोघांचेही शब्द लागत नाहीत.

हा प्रश्न तसा जुनाच आहे. तारायंत्राच्या काळी एकाच तारेवर वाटेतील कित्येक ठाणी असत, आणि प्रत्येकाला आपली स्वतःची खूण नेमून दिलेली असे. खडखडाट सर्वांनाच ऐकू येई. ज्याची खूण असेल त्याने निरोप उतरून घ्यावयाचा. भारतातील सार्वजनिक तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. त्यामुळे तुमच्यापैकी कोणी तार पाहिली नसेल, पण घरातील आजीआजोबांना ती आठवत असेल. तारायंत्राची ती शिस्त आजच्या यंत्रांत निराळ्या रूपाने नांदते आहे.

आम्ही जी शिस्त निवडली तिचे नाव मॉडबस. मॉडिकॉन या अमेरिकन कंपनीने ती १९७९ साली आपल्या कारखानी नियंत्रकांसाठी तयार केली. ती समजण्यास तुम्हांला कोणताही ग्रंथ नको; रोजची हजेरी आठवा. शिक्षक एकेक क्रमांक पुकारतात. ज्याचा क्रमांक असेल तोच 'उपस्थित' म्हणतो. बाकीचे ऐकूनही गप्प राहतात. न पुकारता कोणीही बोलत नाही. मॉडबसमध्ये मुख्य ठाणे शिक्षकाच्या जागी असते. प्रत्येक ठाण्याला १ ते २४७ यांपैकी एक क्रमांक असतो. शून्य हा क्रमांक कोणाचाच नव्हे, तो दवंडीचा. शून्याला उद्देशून पाठविलेली आज्ञा सर्वांनी ऐकावयाची, परंतु उत्तर कोणीच द्यावयाचे नाही. गावात दवंडी पिटली म्हणजे प्रत्येक घरातून कोणी 'ऐकले' असे ओरडत नाही, तसेच हे.

मुख्य ठाण्याचा प्रश्न आठ अक्षरांचा असतो. पहिले अक्षर कोणाला पुकारले ते सांगते. दुसरे काय हवे ते. नंतरची चार, कोणत्या कप्प्यापासून किती मापे हवीत ते. आणि शेवटची दोन पडताळ्याची. एकच माप मागितले तर उत्तर सात अक्षरांचे येते. प्रश्नोत्तर मिळून पंधरा अक्षरे झाली. सेकंदाला ९६० अक्षरे या वेगाने त्यांना लागणारा वेळ सेकंदाच्या चौसष्टाव्या भागाएवढा. दोन निरोपांच्या मध्ये साडेतीन अक्षरांच्या अवधीइतकी शांतता पाळावी, असाही नियम आहे. एक निरोप संपला व दुसरा सुरू झाला हे त्या शांततेवरूनच ओळखावयाचे असते. हे सारे जमेस धरूनही पाचही ठाण्यांची विचारपूस एका सेकंदाच्या आत सहज आटोपते.

या शिस्तीत आमच्याकडून दोन चुका झाल्या. त्या सांगतो, म्हणजे तुम्ही त्या टाळाल. मॅक्स-४८५ चिपेला बोलण्याची परवानगी देणारा एक पाय असतो. ठाण्याने बोलण्यापूर्वी तो उचलावयाचा आणि बोलून झाल्यावर खाली घ्यावयाचा, म्हणजे तार इतरांसाठी मोकळी होते. आमच्या पहिल्या कार्यक्रमात शेवटचे अक्षर तारेवरून पुरते जाण्यापूर्वीच हा हात खाली घेतला जाई. परिणामी प्रत्येक उत्तराची शेपटी तुटे आणि पडताळा कधीच जुळत नसे. अक्षर खरोखर बाहेर पडले की नाही याची चिपेकडूनच खात्री करून घेऊन मगच हात खाली घेण्याची सूचना घातली, तेव्हा उत्तरे पूर्ण येऊ लागली.

दुसरी चूक नक्कल करण्याची. बागेतील ठाण्याचा कार्यक्रम जसाच्या तसा पर्जन्यमापकाच्या ठाण्यात उतरविला. त्यात क्रमांकही उतरला. वर्गात एकाच क्रमांकाचे दोन विद्यार्थी असावेत, तशी गत झाली. चार क्रमांक पुकारताच दोघेही उत्तर देत आणि मुख्य ठाण्याला काहीच कळत नसे. दोन्ही ठाणी एकेकटी जोडून पाहिली तर निर्दोष! तेव्हापासून आम्ही प्रत्येक पेटीच्या झाकणावर तिचा क्रमांक रंगाने लिहितो आणि तो एका वहीतही नोंदवितो.

पडताळा

निरोप आला, परंतु तो वाटेत बिघडला नाही कशावरून? यासाठी निरोपाच्या अखेरीस पडताळ्याची अक्षरे जोडतात. समजा, ४२१७ ही संख्या पाठवावयाची आहे. अंकांची बेरीज १४. तीही सोबत पाठविली. वाटेत २ चा ३ झाला तर बेरीज १५ भरेल आणि चूक उघडकीस येईल. पण अंकांची अदलाबदल होऊन ४१२७ झाले तर? बेरीज पुन्हा १४ च. चूक साळसूदपणे निसटली.

आता बेरजेऐवजी भागाकार करून पाहा. ४२१७ ला ९७ ने भागले तर बाकी ४६ उरते. ४१२७ ला भागले तर ५३. अदलाबदल तत्काळ पकडली गेली. मॉडबसमध्ये अशाच प्रकारे संपूर्ण निरोपाला एका ठरावीक भाजकाने भागून उरलेली १६ बिटांची बाकी शेवटी जोडतात. हा भागाकार शून्य-एकच्या विशेष अंकगणिताने होतो, पण तत्त्व तेच. एका बिटाची चूक, किंवा सलग सोळा बिटांच्या पट्ट्यात झालेली कोणतीही गफलत, त्यातून सुटत नाही. बाकी जुळली नाही तर ऐकणाऱ्याने तो निरोप टाकून द्यावा. अंदाजाने दुरुस्त करू नये. चवथीच्या वर्गात शिकलेली 'बाकी' पुढे कोठे उपयोगी पडणार, असे विचारणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे.

मौनाचा अर्थ

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे वळतो. आमची तार उत्तम होती, शिस्त होती, पडताळाही होता. चुकीचे उत्तर आले असते तर ते आम्ही पकडले असते. परंतु उत्तर न येणे म्हणजे काय, याचा विचार आम्ही केलाच नव्हता. आमच्या कार्यक्रमात 'उत्तर आले तर फलकावरचा आकडा बदला' असे लिहिलेले होते; 'उत्तर आले नाही तर काय' हे वाक्यच नव्हते. विहिरीचे ठाणे गप्प झाल्यावर मुख्य ठाणे त्याला रात्रभर पुकारीत राहिले, मौन ऐकत राहिले आणि जुना २१० तसाच ठेवून पुढचा क्रमांक पुकारीत राहिले.

हजेरी घेणारा शिक्षक असे करीत नाही. उत्तर आले नाही तर तो क्षणभर थांबतो, पुन्हा पुकारतो, आणि तरीही उत्तर नसेल तर गैरहजेरीची खूण करतो. काल हजर होता म्हणून आज हजर धरीत नाही. आम्हीही आता तेच केले आहे. प्रत्येक प्रश्नानंतर मुख्य ठाणे सेकंदाचा पाचवा भाग वाट पाहते. सलग तीनदा उत्तर आले नाही, तर फलकावरील आकडा पुसला जातो आणि त्या जागी 'उत्तर नाही' ही अक्षरे उमटतात. प्रत्येक आकड्यासमोर तो केव्हाचा आहे ती वेळही दिसते.

मौन तेवढे एकाच प्रकारचे नसते, हेही आम्हांला नंतर उमगले. तार तुटली तर ठाणे बोलतच नाही. हे उघड मौन. पण ठाणे बोलते आहे आणि त्याचा संवेदकच निकामी झाला आहे, असेही घडू शकते. अशा वेळी ते मोठ्या शिस्तीने 'शून्य' किंवा जुनाच आकडा सांगत राहते. म्हणून प्रत्येक ठाणे आता दोन गोष्टी कळविते: माप, आणि ते माप घेता आले की नाही याची खूण. तिसरा प्रकार याच्या उलट. एखादे ठाणे बिघडून बोलण्याचा हात खाली घेतच नाही आणि साऱ्या तारेचा कंठ दाबून धरते. मग पाचही ठाणी एकदम गप्प झाल्यासारखी वाटतात. असे झाले तर पाचांना दोष न देता एकेक ठाणे तारेपासून सोडवीत जावे. ज्याला सोडविताच इतर बोलू लागतात, तो अपराधी.

आणि सर्वांत महत्त्वाचे असे की 'उत्तर नाही' याचा अर्थ 'ठीक आहे' असा कधीही घ्यावयाचा नाही. फलकावर ती अक्षरे दिसली तर पंप सुरू करावयाचा नाही. काकांनी आधी विहिरीत डोकावून पाहावयाचे, असा नियम आता कार्यालयात लिहून लावला आहे. तो लिहिताना काका हसून म्हणाले, "सर, पूर्वी मी रोज डोकावतच होतो. फलक आला म्हणून सोडलं." या वाक्यात जो शांत ठपका होता, तो मला पुष्कळ काही शिकवून गेला. यंत्रावर विसंबण्यास आम्हीच त्यांना सांगितले होते. ते यंत्र केव्हा विश्वासास पात्र नसते, हे सांगावयास आम्ही विसरलो होतो.

करून पाहा

ज्यांना हा प्रयोग करावयाचा असेल त्यांनी प्रथम तारेविना करावा. सहा जणांनी वर्तुळात बसावे. एकाने मुख्य ठाणे व्हावे. इतरांनी क्रमांक आणि हाती एकेक संख्या घ्यावी. मुख्याने क्रमांक पुकारावा. ज्याचा असेल त्याने आपला क्रमांक, संख्या आणि तिला ९७ ने भागून उरलेली बाकी सांगावी. मग गुपचूप एकाला गप्प राहण्यास सांगा, दोघांना एकच क्रमांक द्या, एकाला बाकी चुकीची सांगू द्या. मुख्य ठाणे प्रत्येक वेळी काय करते ते पाहा. अर्ध्या तासात या लेखाचे सार हाती येईल.

नंतर साहित्य घ्यावे. प्रथम टेबलावर एकच ठाणे आखूड तारेने जोडावे. ते बोलू लागले म्हणजे दुसरे जोडावे, मग तार लांब करावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. नाहीतर बिघाड कोठे आहे ते कळत नाही. काहीच उत्तर येत नसेल तर वेग, क्रमांक आणि दोन संकेततारांची अदलाबदल या तीन गोष्टी आधी तपासाव्यात. पंपाच्या २३० व्होल्टांच्या जोडणीला मात्र कोणीही हात लावू नये. ते काम जाणत्या वीजतंत्र्याचे. सर्व सुरळीत चालू झाल्यावर एक तार मुद्दाम काढून टाकावी आणि फलकाकडे पाहावे. ही शेवटची परीक्षा आम्ही पूर्वी घेतली नव्हती. ती घेतली असती तर पंप वाचला असता, आणि एका प्रामाणिक माणसाला बोलही लागला नसता.

यंदाच्या जूनमध्ये, शाळा उघडण्याच्या दिवशी, विज्ञानमंडळाच्या मुलांनी ती तार प्रथम काकांच्या हातून काढविली. फलकावर 'विहीर: उत्तर नाही' असे उमटले. काकांनी ते वाचले, तार परत जागेवर बसविली, आणि आकडा येईपर्यंत तेथेच उभे राहिले. आकडा आला. तरीही जाता जाता त्यांनी एकदा विहिरीत डोकावून पाहिलेच.